झाड सापडतं, अळी सापडत नाही

दर पावसाळ्यात हा निरोप मला येतोच, फक्त पाठवणारा बदलतो. "दादा, झाड बरोबर ओळखलंय. फुलपाखरूही तिथेच घिरट्या घालतंय. पानन्‌पान पाहिलं, अळी नाही." सोबत झाडाचा फोटो. दोनदा तर असं झालंय की त्या फोटोतच, एका कोपऱ्यात, अळी निवांत बसलेली होती.

हसण्यासारखं काही नाही त्यात, माझीही पहिली दोन वर्षं अशीच गेली. धुळ्याजवळ लळिंगच्या पायथ्याला एका रविवारी रुईची चाळीसेक झुडपं मी पालथी घातली. हात चिकाने माखले, वर घाम डोळ्यांत आणि तो पुसायची सोय नाही, कारण रुईचा चीक डोळ्यात गेला तर दवाखानाच गाठावा लागतो. एकही अळी मिळाली नाही. संध्याकाळी घराकडे चालत येताना गल्लीच्या तोंडाशी, उकिरड्याला लागून उगवलेल्या गुडघ्याएवढ्या रुईवर प्लेन टायगर फुलपाखराच्या तीन अळ्या दिसल्या. काळे, पांढरे, पिवळे पट्टे, अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. शेजारी कुत्रं झोपलेलं.

त्या दिवसापासून मी अळी शोधणं सोडलं आणि कुरतडलेलं पान शोधायला लागलो. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या एका बदलातून आलंय. तुमचं घोडं नेमकं कुठे अडलंय ते आधी ओळखा, म्हणजे बाकीचं वाचायची गरजही पडणार नाही.

"फुलपाखरू तर याच झाडावर बसतं"

सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. फुलपाखरू मध प्यायला ज्या झाडावर बसतं ते वेगळं, आणि अळी ज्याचा पाला खाते ते वेगळं. घाणेरीवर आणि एकदांडीवर गावातली अर्धी फुलपाखरं दिसतील, पण त्या झुडपांची पानं उलटीपालटी करून हाताला काटेच लागतील.

खुळखुळ्याचं प्रकरण आणखी फसवं आहे. पाऊस ओसरल्यावर खुळखुळ्याच्या वाळक्या फांदीवर प्लेन टायगर, स्ट्राइप्ड टायगर, ब्लू टायगर झुंबड करून बसलेले असतात आणि तासन्‌तास हलत नाहीत. माणसाला वाटतं, अंडी घालताहेत. ते बहुतेक सगळे नर असतात. खुळखुळ्यातली कडू द्रव्यं ते सोंडेने ओढून घेतात, त्यातून मादीला भुलवणारा गंध तयार होतो. अळीचा तिथे काही संबंध नाही.

मग खरं झाड कोणतं, हे मादीलाच विचारायचं. अंडी घालायला निघालेली मादी फुलांकडे बघतही नाही. ती संथ, खालून उडते, या पानाला शिव, त्या पानाला शिव, असं करत. फुलपाखराला पायांनी चव कळते, त्यामुळे ती पानावर टेकली की पाय आपटून बघते आणि चूक असेल तर लगेच उठते. बरोबर पान मिळालं की पोट वाकवून पानाच्या कडेला किंवा खालच्या बाजूला क्षणभर टेकवते आणि पुढे जाते. हा सगळा प्रकार दोन-तीन सेकंदांचा. तुम्ही मोबाइल काढेपर्यंत संपतो. म्हणून मोबाइल काढू नका, ती ज्या पानावर टेकली तिकडे बोट दाखवून उभे राहा आणि ती गेल्यावर तेच पान उलटं करा. टाचणीच्या डोक्याएवढं अंडं दिसेल. एक अंडं दिसलं की झाड पक्कं.

माझा भाचा हे माझ्यापेक्षा चांगलं करतो, कारण त्याला फोटोची हौस नाही.

"पुस्तकात हेच झाड दिलंय, पण आमच्याकडे त्यावर काही नसतं"

आपल्याकडची फुलपाखरांची माहिती बरीचशी सह्याद्रीच्या आणि कोकणाच्या पावसात भिजलेली असते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केलं, तेव्हापासून नवा माणूस शोधाची सुरुवात त्याच्यापासूनच करतो आणि अमळनेर-पारोळ्याच्या माळावर डोकं धरून बसतो. आपला खानदेशचा मुलूख कोरडा. काटेरी झुडपं, बोरी-बाभळी, नाल्याकाठचा करंज, शेताचे बांध. ओलसर जंगल हवं असेल तर सातपुड्यात वर जावं लागतं, पालकडे, तोरणमाळला, नाहीतर चाळीसगावच्या बाजूला पाटणादेवीला.

मी नव्या माणसाला लिंबापासून सुरुवात करायला सांगतो. कागदी लिंबू, कढीपत्ता, बेल, कवठ यांपैकी एक तरी दारात किंवा देवळात असतंच. रानात निघालात तर रुई, तरोटा, बोर, वाघाटी, बहावा, एरंड आणि आंब्यावरचं बांडगूळ, एवढी सात झाडं नीट पाहिलीत तरी पहिला पावसाळा पुरतो. शे-दीडशे झाडांच्या याद्या घेऊन फिरणारे लोक मी पाहिलेत. त्यांना झाडांची नावं येतात, अळ्या दिसत नाहीत.

"मागच्या महिन्यात पाहिलं, या महिन्यातही पाहिलं"

महिन्यातून एकदा जाणाऱ्याला अळी दिसली तर तो नशिबाचा भाग. हिशोब करा. लाइम फुलपाखराचं किंवा प्लेन टायगरचं अंडं तीन ते पाच दिवसांत फुटतं. पुढे अळी म्हणून ती जेमतेम दोन आठवडे असते आणि त्यातही पहिले चार-पाच दिवस ती तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. डोळ्यात भरेल अशी अळी झाडावर असते ती सात-आठ दिवस. तुम्ही पंधरा ऑगस्टला गेलात आणि नंतर थेट गणपती उठल्यावर, तर मधल्या काळात एक अख्खी पिढी अंड्यातून निघून, खाऊन, कोषात जाऊन उडूनही गेली.

उपाय सरळ आहे. मादी अंडं घालताना दिसली तो दिवस लिहून ठेवा आणि त्याच झुडपावर आठव्या आणि बाराव्या दिवशी जा. नवी जागा धुंडाळण्यापेक्षा जुन्या दहा झुडपांवर दर तीन-चार दिवसांनी जाणाऱ्याला जास्त मिळतं. ऑफिसच्या वाटेवरची, शाळेच्या कुंपणावरची, पाणी भरायला जातो तिथली झुडपं निवडा.

हंगामाचंही बघा. आपल्याकडे मृगाचा पाऊस पडला की पंधरा दिवसांत कोवळा पाला येतो आणि खरी गर्दी श्रावणापासून दसऱ्यापर्यंत. थंडीत कमी होत जाते. होळीनंतर पारा चढायला लागला की माळावर जाऊन उन्हात स्वतःला भाजून घेण्यात अर्थ नाही. तेव्हा पाणी मिळणारी झाडं बघा, म्हणजे परसातलं लिंबू, बंगल्याच्या कुंपणाची कण्हेर. अपवाद बहाव्याचा. त्याला उन्हाळ्यात फुलांच्या मागोमाग तांबूस कोवळी पानं फुटतात आणि कॉमन एमिग्रंटच्या माद्या त्यासाठी टपलेल्या असतात. मे महिन्यात सकाळी सातला बहाव्याखाली उभं राहणं एवढी एकच उन्हाळी मोहीम मी करतो.

"पानं पाहिली" म्हणजे नेमकी कोणती?

प्रत्येक अळीची बसायची जागा ठरलेली असते, आणि ती माहीत नसेल तर डोळ्यासमोर असून दिसत नाही. झाडागणिक सांगतो.

लिंबू आणि कढीपत्त्यावर लोक सवयीने पान उलटं करतात. लाइम आणि कॉमन मॉरमॉनची लहान अळी पानाच्या वरच्या बाजूला, उघड्यावर बसलेली असते आणि हुबेहूब चिमणीच्या शिटेसारखी दिसते, काळपट तपकिरी, मध्ये पांढरा ओघळ. तुम्ही ती बघता आणि शीट म्हणून सोडता. कोवळ्या शेंड्याजवळची प्रत्येक "शीट" काडीच्या टोकाने हलकेच हलवून बघा. अळी असेल तर मानेमागून लालसर दुटोकी शिंग बाहेर काढते आणि आंबूस उग्र वास सोडते. शेवटच्या टप्प्यात ती कात टाकून एकदम हिरवी होते आणि पानात मिसळून जाते. म्हणून माणसं म्हणतात, काल शीट होती, आज काहीच नाही. असते तिथेच, एखाद-दोन पानं सरकून.

रुईवर मोठी झुडपं सोडा, लहान आणि कोवळी आधी बघा. मारुतीच्या देवळाजवळची रुई तर शनिवारच्या माळांसाठी ओरबाडलेलीच असते, तिथे वेळ घालवू नका. अंडं एकेकटं असतं, बहुधा पानाच्या खाली. लहान अळी रुईच्या चिकात बुडून मरू शकते, म्हणून ती आधी पानावर गोल चर खणते, चिकाचा पुरवठा तोडते आणि मग आतला तुकडा खाते. मोठी अळी पानाची मधली शीर किंवा देठच अर्धवट कुरतडते, आणि पान मान टाकतं. बाकी झुडूप टवटवीत आणि एकच पान लोंबकळतंय असं दिसलं की तिथे जा. मोठमोठी ओबडधोबड भोकं मात्र बहुतेक वेळा रुईवरच्या पिवळ्या-निळ्या टोळाची असतात. तो शेजारीच बसलेला सापडेल, लपायचे कष्ट तो घेत नाही.

तरोट्यावर, ज्याला घाटावर टाकळा म्हणतात, सकाळीच जायचं. संध्याकाळी त्याची पानं मिटतात आणि मिटलेल्या पानात कसली अळी दिसणार. मॉटल्ड एमिग्रंट आणि ग्रास यलोच्या अळ्या हिरव्या, पानाच्या मधल्या शिरेला समांतर लांब होऊन पडलेल्या असतात. रंगाने शोधाल तर हरलात. पान उजेडाच्या दिशेला धरा आणि खालून बघा, सावलीची जाड रेघ दिसते ती अळी. ही युक्ती बहावा, आंबा, तेंदू सगळीकडे चालते. आंब्यावर कॉमन बॅरन आणि सातपुड्यातल्या तेंदूवर बॅरोनेट, दोघांच्याही अळ्यांना दोन्ही बाजूंनी पिसांसारखे लांब काटे असतात आणि त्या पानाला इतक्या चपट्या चिकटतात की पानावर काहीतरी छापल्यासारखं वाटावं.

बोरीवर, मग ती मेहरूणच्या बागेतली असो की बांधावरची गावठी, अळी शोधणं म्हणजे भिंगाचं काम. कॉमन पियरोची अळी सात-आठ मिलिमीटरची, चपटी, हिरवी. ती पान आरपार खात नाही, हिरवा थर खरवडते, त्यामुळे पानावर पांढुरक्या झिलईच्या रेघा उमटतात. अशा रेघा आणि त्यांच्या आसपास रेंगाळणाऱ्या मुंग्या, हे दोन्ही एकत्र दिसलं की पान सावकाश वळवा. मुंग्या तिला खात नाहीत, तिच्या अंगातून पाझरणारा गोड रस चाटतात आणि त्या बदल्यात राखण करतात. ब्लूज म्हणजे छोट्या निळ्या फुलपाखरांच्या गटातल्या बऱ्याच अळ्यांचा हा व्यवहार असतो, त्यामुळे कोवळ्या शेंड्यावर विनाकारण घुटमळणारी मुंगी ही माझ्या मते सगळ्यात भरवशाची वाटाडी. मावा असेल तरीही मुंग्या येतात, तेवढं तपासून घ्या.

वाघाटी आपल्याला आषाढी द्वादशीच्या भाजीपुरती आठवते, पण कोरड्या मुलखातल्या पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांचं तेच माहेर आहे. वाघाटी, कंथार, नेपती ही एकाच कुळातली काटेरी झुडपं. पायोनियर, कॉमन गल, व्हाइट ऑरेंज टिप, क्रिमसन टिप यांच्या अळ्या यांच्यावर असतात. पायोनियर अंडी पुंजक्याने घालतं, त्यामुळे अळ्याही घोळक्याने असतात. बाकीच्या एकेकट्या. इथे मादीच्या मागे जाणं हाच एक मार्ग, कारण झुडपात हात घालायची सोय नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

बांडगुळावर हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या. या वीस-पंचवीस मिळून एका रांगेत बसतात, पिवळट तपकिरी, पांढऱ्या विरळ केसांच्या. अडचण उंचीची. आंब्याच्या शेंड्यावरचं बांडगूळ खालून काय दिसणार? दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तर झाडाखाली उभे राहून धाग्याला लोंबणारी अळी शोधा. हात लागला, वारा आला की त्या रेशमी धाग्यावरून खाली उतरतात आणि परत त्याच धाग्याने वर चढतात.

काही अळ्या पानावर नसतातच, हे लक्षात न घेतल्याने फार जण फसतात. तूर, चवळी, मूग, उडीद यांवरच्या पी ब्लू आणि ग्राम ब्लू या निळ्या फुलपाखरांच्या अळ्या कळीत आणि शेंगेत शिरून बसतात. शेंगेवर बारीक गोल भोक आणि आत ओलसर भुसा, ही खूण. एकदा चोपड्याकडे तुरीच्या फुलांत मी डोकं घालून बसलो होतो, तर बांधावरून एक बाबा म्हणाले, "काय दखी राह्यना भाऊ?" मी सांगितलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आम्हू अळ्या मारतस, आन तुम्हू धुंडतस?" त्यांना पटेल असं उत्तर माझ्याकडे अजून तयार नाही.

डाळिंबवाल्यांना मात्र सांगायची गरज पडत नाही. त्यांच्याकडे जिला सुरसा म्हणतात ती फळ पोखरणारी अळी एका फुलपाखराचीच. फळाच्या भोकाशी विष्ठा साठलेली असते आणि अळी आत, मागच्या टोकाने भोक बंद करून. कुंडीतल्या पानफुटीवरची रेड पियरोची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधे राहते. पान फुगीर, पारदर्शक दिसतं आणि आत काळे दाणे. करंजावर कॉमन बँडेड ऑलची अळी कोवळं पान धाग्याने शिवून त्यात दिवसभर झोपते, तेव्हा करंजाखाली उभं राहून सरळ पानं बघण्यापेक्षा दुमडलेली पानं तेवढी मोजा. आणि जास्वंदीवर, कपाशीवर पिठ्या ढेकूण झाला असेल तर तो पुसून काढण्याआधी नीट बघा. एपफ्लाय नावाच्या फुलपाखराची अळी त्या पांढऱ्या भुकटीतच लपलेली असते आणि ढेकूणच खाते, पाला नाही. तिचा कोष माकडाच्या तोंडासारखा दिसतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बायकोला हाक मारली आणि तिने आधी ढेकूण का वाढू दिलेत ते विचारलं.

"पान खाल्लेलं आहे, पण खाणारा गायब"

खाल्लेल्या पानाची कड बघा. हिरवी, ओली असेल तर खाणं ताजं, अळी वीतभराच्या आत आहे. कड तपकिरी, वाळलेली असेल तर ती केव्हाच गेली, पुढचं झुडूप घ्या. दुसरी खूण लेंड्यांची. अळीच्या लेंड्या ठोकळ्यासारख्या, आखूड, खाचा पडलेल्या, टोळाच्या लांबट. त्या खालच्या पानावर पडलेल्या दिसल्या की नजर सरळ वर न्या. मोहरीएवढ्या लेंडीची अळी करंगळीएवढी असू शकते. जोराचा पाऊस झाल्यावर लगेच जाऊ नका, खुणा धुऊन जातात. एक कोरडा दिवस जाऊ द्या.

तरीही दिसत नसेल तर रात्री अतिनील टॉर्च घेऊन जा. पानं काळपट किंवा तांबूस दिसतात आणि बऱ्याच हिरव्या अळ्या उजळ चमकतात. दिवसा तासभर ज्या लिंबावर मला दोन मिळाल्या त्याच झाडावर रात्री सात मोजल्या. एक सूचना: या उजेडात विंचूही चमकतो आणि फुरसं चमकत नाही. साधा टॉर्च पायाशी, दुसरा झाडावर, आणि पायात बूट. लेकराबाळांना घेऊन अंधारात माळावर जाऊ नये.

"सापडली, पण फुलपाखराची आहे का?"

हे पूर्ण खात्रीने सांगायला अनुभव लागतो, पण काही गोष्टी पटकन बाजूला काढता येतात. अंगभर दाट केस असलेला सुरवंट आपल्याकडे जवळपास नेहमी पतंगाचा. त्याला हात लावू नका, खाजेने रात्र जाते. शेपटाकडे एकच शिंग असलेली गलेलठ्ठ अळी पतंगाची. कण्हेरीवर मोठ्या निळ्या डोळ्यांची हिरवी अळी मिळते तीही पतंगाचीच, आणि त्याच कण्हेरीवर शिंगांच्या चार जोड्यांची तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांची मिळाली तर ती कॉमन क्रोची. एरंडावर गोंधळ ठरलेला. कॉमन कॅस्टरच्या अळीच्या अंगावर फांद्या फुटलेले काटे असतात. एरंडाची चाळण करणारी, पाठीची कमान करत चालणारी गुळगुळीत अळी पतंगाची, आणि शेतात तीच जास्त असते. पायही मोजा. पोटाखालच्या मांसल पायांच्या जोड्या सहा किंवा जास्त भरल्या तर ती ना फुलपाखराची ना पतंगाची, करवत माशीची.

काट्यांना घाबरून सगळंच सोडू नका. कॉमन कॅस्टर, टॉनी कोस्टर, पॅन्सी यांच्या अळ्या दिसायला भयंकर असतात, पण ते काटे टोचत-डसत नाहीत. तरी ओळख पटेपर्यंत काडीनेच हलवायची सवय ठेवा.

"काल होती, आज नाही"

याची कारणं चार-पाच असतात. पूर्ण वाढलेली अळी कोष करायला झाड सोडून जाते, कधी फूट-दोन फूट, कधी थेट कुंपणाच्या भिंतीवर. आदल्या दिवशी ती खायचं थांबवते, आखडते, पातळ विष्ठा टाकते. त्यामुळे मोठी अळी गायब झाली तर आसपासच्या काड्या, दगडांच्या खाचा, पायऱ्यांच्या खालची बाजू बघा. मधल्या आकाराची गायब झाली तर गांधीलमाशी, कोळी, सरडा, पक्षी यांपैकी कुणीतरी नेली. त्याला इलाज नाही आणि करूही नये.

अळी जागच्या जागी आहे, पण हलत नाही आणि बाजूला पांढरे तांदूळ चिकटल्यासारखे दिसताहेत, अशावेळी लोक उत्साहाने लिहितात की अळीने अंडी घातली. अळी अंडी घालत नाही. ते परजीवी गांधीलमाशीचे कोष. त्या माशीच्या अळ्या आत राहून हिला पोखरून बाहेर आल्या आहेत. काळी पडून, अंगाचं पाणी होऊन उलटी लोंबकळणारी अळी विषाणूने मेलेली असते. तिला हाताळलंत तर हात धुतल्याशिवाय दुसरीला लावू नका.

आणि बांधावरच्या सगळ्या झुडपांवरून एकदम सगळंच नाहीसं झालं असेल तर शेजारच्या कपाशीकडे बघा. फवारणीचा वारा बांधावर येतो. माझ्या एका लाडक्या बांधावर काळ्या मातीत पसरणारी किडामारी आहे, तिच्यावर कॉमन रोजच्या मखमली मरून अळ्या येतात, पाठीवर एक पांढरा पट्टा. शेतमालकाने फवारणी केली की त्या हप्त्यात तिथे काही नसतं. त्याला नाव ठेवायचा मला अधिकार नाही, त्याचं पोट त्या कपाशीवर आहे. मी फक्त त्याला फवारणीचा दिवस विचारून ठेवतो आणि माझा फेरा पंधरा दिवस पुढे ढकलतो.

घरी आणावी का?

दारच्या लिंबावरची एखादी, जरूर. डब्याला झाकणाऐवजी मलमलीचं कापड बांधा. बंद डब्यात पानाला घाम सुटतो, बुरशी येते आणि अळी मरते. रोज ताजं पान, तेही त्याच जातीचं. लिंबावरून आणलेली अळी शेवग्यावर वाढत नाही, हे मला फोनवर दोनदा समजवावं लागलंय. बाजारातून आणलेला कढीपत्ता घालू नका, त्यावर औषध मारलेलं असू शकतं. कोष लोंबतो त्याच्या खाली आणि बाजूला पंख पसरायला मोकळी जागा ठेवा, नाहीतर फुलपाखरू चुरगळलेल्या पंखांचं निघतं.

यावल किंवा गौताळा अभयारण्यातून मात्र काही उचलायचं नाही, पानसुद्धा. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली काही फुलपाखरं संरक्षित आहेत आणि अळीही त्यातच मोडते. तिथे बघा, फोटो काढा, या.

इतकं करूनही अडलात तर विचारा, पण नुसता झाडाचा फोटो पाठवू नका. चार गोष्टी हव्यात: पानाची वरची बाजू, खालची बाजू, खाल्लेल्या कडेचा जवळून फोटो आणि झाडाखाली पडलेल्या लेंड्या, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. गाव, तारीख आणि आदला पाऊस कधी पडला तेही लिहा. पाठवण्याआधी तुमचाच फोटो मोठा करून डावा कोपरा एकदा बघून घ्या.